संघातील अधिकार आणि खेळाडूंचा नकार : एक समाजशास्त्रीय विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

सांघिक खेळात खेळाडू आणि त्यांच्यावर अधिकार चालविणारी व्यक्ती अथवा समिती यांच्यात वेळोवेळी जो कलह उद्भवतो, त्याची मीमांसा बहुधा स्वभावदोषांच्या भाषेत केली जाते. प्रशिक्षक हेकट होता, खेळाडू डोक्यावर चढले होते, पैशाने शिस्त बिघडली, अशा निदानापाशी चर्चा थांबते. ही निदाने सर्वस्वी खोटी असतात असे नव्हे. परंतु ती अपुरी असतात. तेच खेळाडू एका व्यवस्थापकाच्या हाताखाली वर्षानुवर्षे निमूटपणे खेळतात आणि दुसऱ्याच्या हाताखाली महिन्याभरात बंड करून उठतात. स्वभाव तर बदललेले नसतात. तेव्हा कलहाचे मूळ व्यक्तींच्या स्वभावात शोधण्याऐवजी अधिकाराच्या आधारात शोधणे अधिक फलदायी ठरते.

अधिकार कशाच्या बळावर मानला जातो, या प्रश्नाचे प्रसिद्ध विवेचन जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर याने केले. त्याच्या मृत्यूनंतर, १९२२ साली पूर्णत्वाने प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने अधिकाराचे तीन शुद्ध प्रकार कल्पिले : परंपरेने चालत आलेला, एखाद्या व्यक्तीच्या असामान्य प्रभावातून निर्माण झालेला आणि नियमांनी व नेमणुकीने प्राप्त होणारा. आधुनिक क्रीडासंघ वरकरणी तिसऱ्या प्रकारात मोडतो. समिती नेमते, व्यवस्थापक निवडतो, खेळाडू खेळतो. परंतु मैदानावर ही साखळी पुरेशी पडत नाही. नेमणुकीने मिळालेल्या अधिकाराला संघाची आतून मान्यता मिळावी लागते; ती न मिळाल्यास अधिकार कागदावर राहतो आणि खेळ थांबतो. प्रस्तुत लेखात या विधानाची तपासणी करावयाची आहे. त्यासाठी प्रथम जव्हार व मोखाडा या तालुक्यांतील दोन पारंपरिक समूहकृत्यांकडे, नंतर फुटबॉलच्या काही प्रसिद्ध प्रसंगांकडे आणि अखेर महाराष्ट्रातील एका मूलगामी क्रीडाकलहाकडे लक्ष वेधले आहे. या विवेचनाचा उपयोग आश्रमशाळांतील संघांच्या अभ्यासाला कसा होईल, हे शेवटी पाहावयाचे आहे.

२. जव्हार-मोखाड्यातील दोन समूह

जव्हार हे १९४८ पर्यंत मुकणे घराण्याचे संस्थान होते. विलीनीकरणानंतर हा मुलूख ठाणे जिल्ह्यात आला आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडतो. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी अशा अनेक जमाती जव्हार व मोखाडा तालुक्यांत शेजारी शेजारी राहतात. या प्रदेशातील तारपा नृत्य सर्वपरिचित आहे. परंतु समूहाच्या रचनेच्या दृष्टीने त्याकडे क्वचितच पाहिले जाते.

सुकविलेला दुध्या भोपळा, त्यात बसविलेल्या दोन नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा असे तारप्याचे स्वरूप असते. वादक श्वास न तोडता फुंकत राहतो. एकमेकांच्या कमरेला हात घालून स्त्री-पुरुषांचा फेर त्याच्याभोवती फिरतो. सूर बदलला की पाऊल बदलते. तारप्याला पाठ दाखवावयाची नाही, हा फेराचा दंडक. येथे वादकाची आज्ञा प्रत्येक पावलाला लागू आहे, आणि तरीही त्याला कोणी नेमलेले नाही. त्याचा अधिकार त्याच्या फुंकरीत आहे. सूर फसला तर फेर आपोआप विस्कटतो. त्यासाठी सभा भरवावी लागत नाही. तारपा खाली ठेवला की अधिकारही संपतो. जव्हार तालुक्यातील वाळवंडा येथील भिकल्या लाडक्या धिंडा यांच्यासारख्या वादकांना जी मान्यता लाभली, तिचा उगम कोणत्याही नियुक्तिपत्रात नसून कौशल्याच्या नित्य व उघड परीक्षेत आहे. वेबरच्या तीन प्रकारांत हा अधिकार नीटसा बसत नाही, हेही येथे नोंदविले पाहिजे. त्यात परंपरा आहे, परंतु ती वंशाची नव्हे. प्रभाव आहे, परंतु तो अलौकिक नव्हे. त्याला कौशल्यमान्य अधिकार म्हणता येईल.

दुसरे उदाहरण बोहाड्याचे. होळीनंतरच्या दिवसांत मोखाडा व जव्हार परिसरात होणाऱ्या या उत्सवात देवदानवांचे मुखवटे धारण करून, संबळाच्या तालावर रात्री सोंगे नाचविली जातात. अनेक गावी विशिष्ट सोंग विशिष्ट घराण्याकडे चालत आलेले असते. गणपती कोणी व्हावे आणि रावण कोणी व्हावे, हा वाद तेथे सहसा उपस्थित होत नाही. कारण त्याचा निवाडा पिढ्यांपूर्वीच झालेला असतो. हा अधिकार स्पष्टपणे परंपरागत होय. तो स्थिर असतो. मात्र एखाद्या घराण्याबाहेरचा मुलगा अधिक चांगला नाचत असेल, तर त्याला त्या व्यवस्थेत सहजासहजी जागा नसते.

दोन्ही समूहांत आज्ञा आहे, शिस्त आहे आणि आज्ञा देणाऱ्याचे स्थान निर्विवाद आहे. एकाचा आधार कौशल्य, दुसऱ्याचा वारसा. आधुनिक क्रीडासंघाची अडचण अशी की तो कौशल्याची भाषा बोलतो, नेमणुकीची पद्धत वापरतो आणि वारशाचे पूर्वग्रह पुष्कळदा आतल्या खिशात बाळगतो. या तिन्हींचा मेळ बसला नाही की कलह उद्भवतो.

३. फुटबॉल क्लबातील व्यवस्थापक

इंग्लंडमधील फुटबॉल क्लबात मॅनेजर या पदावर प्रशिक्षण, संघनिवड आणि खेळाडूंची खरेदी-विक्री अशी अनेक कामे परंपरेने एकवटली. त्यामुळे व्यवस्थापक हाच क्लबाच्या आचारविचारांचा शिल्पकार ठरतो, आणि तो बदलला की नवागतापुढे जुन्या घडणीचा प्रश्न उभा राहतो. लीड्स युनायटेडचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. डॉन रेव्ही हा १९६१ ते १९७४ या काळात तेथे व्यवस्थापक होता. त्याने खेळाडूंना जवळजवळ कुटुंबाप्रमाणे बांधले आणि १९७३-७४ चे साखळी विजेतेपद मिळवून तो इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाकडे गेला. त्याच्या जागी ब्रायन क्लफ आला. याच क्लबाच्या खेळावर त्याने पूर्वी जाहीर टीका केली होती. आल्यावर त्याने खेळाडूंना त्यांची पदके कचऱ्यात टाकण्यास सांगितले, कारण ती प्रामाणिकपणे मिळविलेली नाहीत, असे सांगितले जाते. ४४ दिवसांत त्याला जावे लागले. पुढे याच क्लफने नॉटिंगहॅम फॉरेस्ट या सामान्य क्लबाला १९७८ चे साखळी विजेतेपद आणि १९७९ व १९८० चे युरोपीय चषक मिळवून दिले. तेव्हा त्याच्या कौशल्याविषयी शंका घेण्यास जागा नाही. लीड्स येथे त्याच्याकडे नेमणूकही होती आणि कौशल्यही होते; परंतु संघाच्या स्मृतीचा त्याने अव्हेर केला, आणि म्हणून आतली मान्यता त्याला लाभली नाही.

२०१० साली दक्षिण आफ्रिकेतील विश्वचषक स्पर्धेत फ्रान्सच्या संघात याहून तीव्र प्रसंग घडला. मेक्सिकोविरुद्धच्या सामन्याच्या मध्यंतरात आनेल्का या खेळाडूने प्रशिक्षक दोमेनेक यास अपशब्द वापरल्याचे वृत्त छापून आले. महासंघाने आनेल्काला परत पाठविले. दुसऱ्या दिवशी, २० जून रोजी, क्नायस्ना येथे खेळाडूंनी सराव करण्यास नकार दिला आणि त्यांचे निषेधपत्रक खुद्द प्रशिक्षकालाच पत्रकारांपुढे वाचून दाखवावे लागले. संघ पहिल्याच फेरीत बाद झाला. येथे खेळाडूंची बाजू दुबळी होती, आणि फ्रान्समधील लोकमत त्यांच्यावर उलटले. तरीही प्रसंगाची रचना ध्यानात घेण्यासारखी आहे : अधिकार नावापुरता उरला की तो धारण करणारा मनुष्य इतरांचे पत्रक वाचणारा निवेदक बनतो.

या दोहोंच्या उलट टोकाला ब्राझीलमधील कोरिंथियान्स क्लबाचा प्रयोग आहे. १९८२ ते १९८४ या काळात, देशात लष्करी राजवट असताना, सोक्रातेस आदी खेळाडूंनी आणि आदिल्सन मोंतेइरो आल्वेस या समाजशास्त्र शिकलेल्या क्रीडासंचालकाने क्लबाचे निर्णय मतदानाने घेण्याची पद्धत पाडली. सामन्यापूर्वी खेळाडूंना हॉटेलात कोंडून ठेवावे की नाही, इथपर्यंतचे विषय मताला टाकले जात, आणि संघाच्या सेवकवर्गालाही मताचा अधिकार असे. १९८२ व १९८३ या दोन्ही वर्षी संघ साओ पावलो प्रांताचा विजेता ठरला. मात्र मतदान म्हणजे कलहावरचा रामबाण उपाय नव्हे. १९७३ साली आयॅक्स क्लबात खेळाडूंनी मतदानाने क्रॉइफऐवजी केइझर याला कर्णधार निवडले, आणि काही आठवड्यांतच जगातील अग्रगण्य खेळाडू बार्सिलोनास निघून गेला.

महाराष्ट्रात फुटबॉलची सर्वांत घट्ट वीण कोल्हापुरात आढळते. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही मुळात तालमींची नावे. कुस्तीच्या आखाड्याभोवती जमलेल्या पेठेनेच पुढे फुटबॉलचा संघ उभा केला. खेळाडू, कार्यकर्ता आणि शाहू स्टेडियमवर ओरडणारा प्रेक्षक एकाच गल्लीतले असले की अधिकाराचा प्रश्न वडीलधाऱ्यांच्या शब्दाने मिटतो. बाहेरगावचे खेळाडू आणण्याची पद्धत रुळल्यावर हा शब्द अपुरा पडू लागतो, हे उघड आहे.

४. हिंदू संघ, १९२०

तथापि खेळाडू आणि निवड करणारी सत्ता यांच्यातील कलहाचे महाराष्ट्रातील सर्वांत अर्थपूर्ण उदाहरण क्रिकेटमध्ये सापडते. ते पळवणकर बंधूंचे होय.

पळवणकर बाळू यांचा जन्म चर्मकार समाजात झाला. वडील पुण्यास लष्करात होते. बाळू प्रथम पुण्यातील पारशी क्लबात आणि नंतर युरोपियनांच्या पूना क्लबात खेळपट्टीची देखभाल करण्याच्या तुटपुंज्या पगाराच्या नोकरीवर लागले. तेथे ग्रेग नावाच्या इंग्रज फलंदाजाला सराव देता देता त्यांची डावखुरी संथ गोलंदाजी घडली. युरोपियनांना हरवावयाचे तर हा गोलंदाज हवा, हे पुण्याच्या हिंदू क्लबाने ओळखले आणि त्यांना संघात घेतले. मैदानावर इतर खेळाडू तोच चेंडू हाताळीत. परंतु चहाच्या वेळी बाळूंना पॅव्हिलियनच्या बाहेर, टाकून देण्याच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे आणि जेवणासाठी त्यांचे टेबल वेगळे असे. संघाची संस्कृती म्हणजे काय, याचे याहून नेमके चित्र क्वचितच आढळेल. सीमारेषेच्या आत कौशल्याचा कायदा चाले आणि सीमारेषेबाहेर वारशाचा.

प्लेगच्या साथीनंतर बाळू मुंबईस आले व हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरविले, त्यात त्यांचा वाटा मोठा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेलेल्या संघातून त्यांनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे त्यांचे धाकटे बंधूही हिंदू संघात आले. चहाच्या वेळचा भेद क्रमाने मावळला. परंतु एक दार बंदच राहिले, आणि ते म्हणजे संघनायकत्वाचे.

हा फरक समजून घेण्यासारखा आहे. एखाद्याचे कौशल्य वापरणे आणि एखाद्याची आज्ञा मानणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोलंदाजाच्या बोटांचा लाभ घेताना संघातील उतरंडीला धक्का लागत नाही. नायकाच्या बोटाच्या इशाऱ्यावर जागा बदलताना मात्र लागतो. म्हणून वर्षामागून वर्षे संघनायकत्व इतरांकडे गेले. एम. डी. पै यांना ते मिळाले तेव्हा, १९१३ साली झालेल्या सत्कारप्रसंगी, हा मान वस्तुतः ज्येष्ठ सहकारी बाळू यांचा होता, असे पै यांनीच बोलून दाखविले. संघाच्या आत कोणाला मान्यता होती याची ही साक्ष खुद्द नियुक्त नायकाने दिलेली आहे, आणि म्हणूनच ती मोलाची आहे.

१९२० च्या चौरंगी सामन्यांच्या वेळी हा प्रश्न फुटला. चाळिशी ओलांडलेल्या बाळूंना संघातून वगळण्यात आले. पै आजारी असल्याने पहिल्या सामन्यासाठी नायकत्व पुण्याचे तरुण खेळाडू दि. ब. देवधर यांना देण्यात आले. देवधरांच्या योग्यतेविषयी येथे प्रश्न नाही. पुढील कारकीर्दीने ती सिद्ध केली. परंतु विठ्ठल आणि शिवराम हे दोघेही वयाने व अनुभवाने त्यांच्याहून ज्येष्ठ होते. दोघांनी संघातून अंग काढून घेतले आणि आपली भूमिका जाहीर पत्रकाने मांडली. ज्येष्ठत्व व कर्तृत्व यांच्यावर जातीने मात केली आणि हा केवळ आपला नव्हे तर आपल्या समाजाचा अपमान आहे, असा त्या पत्रकाचा मथितार्थ होता. देशात त्या सुमारास असहकाराची भाषा घुमत होती आणि डिसेंबरमध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात अस्पृश्यतानिवारणाचा पुकारा झाला. अशा वेळी दोन खेळाडूंनी खेळण्यास दिलेला नकार हा मैदानापुरता राहणे शक्यच नव्हते.

परिणाम त्वरित दिसला. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यासाठी पै परतले, बाळूंना संघात घेऊन उपनायक करण्यात आले आणि दोघे बंधूही संघात आले. पै काही काळ मैदानाबाहेर गेले असता संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. जे नायकत्व नेमणुकीने कधीच मिळाले नाही, ते थोड्या वेळापुरते का होईना, उघड्यावर, प्रेक्षकांसमक्ष पार पडले. तीन वर्षांनी, १९२३ साली, विठ्ठल पळवणकर हिंदू संघाचे रीतसर नायक झाले आणि त्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांना हरवून विजेतेपद मिळविले. विठ्ठल यांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे मराठी आत्मचरित्र १९४८ साली प्रसिद्ध झाले. क्रीडेतिहासाच्या अभ्यासकाने ते अवश्य पाहावे.

५. नकाराचा अर्थ

वरील प्रसंग एकत्र ठेवले असता काही निष्कर्ष निघतात.

पहिला असा की खेळाडूच्या हाती मुख्यतः एकच साधन असते : न खेळणे. निवड समितीकडे नियम असतात, मालकाकडे पैसा असतो, प्रशिक्षकाकडे पद असते. खेळाडूचा आवाज खेळातूनच उमटतो. म्हणून खेळ रोखून धरणे ही त्याची अखेरची भाषा ठरते. ती वापरली गेली म्हणजे शिस्त ढासळली असे मानण्यापूर्वी, इतर मार्ग आधी बंद झाले होते काय, हे पाहिले पाहिजे.

दुसरा असा की प्रत्येक नकार सारख्याच नैतिक वजनाचा नसतो. क्नायस्ना येथे खेळाडूंनी एका सहकाऱ्याची पाठराखण केली. परंतु ज्या तत्त्वासाठी आपण खेळ थांबवीत आहोत ते तत्त्व त्यांना लोकांपुढे मांडता आले नाही. पळवणकर बंधूंनी ज्या कसोटीचा आग्रह धरला ती कसोटी क्रिकेटची स्वतःचीच होती. संघ ज्या नियमाने चालतो असे म्हणतो, त्याच नियमाने त्याने चालावे, एवढीच त्यांची मागणी होती. समितीला त्या मागणीचा प्रतिवाद करणे कठीण गेले, याचे कारण हेच.

तिसरा निष्कर्ष अधिकाऱ्यांविषयी आहे. केवळ कौशल्य पुरत नाही, हे क्लफच्या उदाहरणाने दिसते. केवळ मतदान पुरत नाही, हे आयॅक्सच्या. संघाचा पूर्वेतिहास, त्यातील मानापमान आणि खेळाडूंच्या मनातील अलिखित श्रेष्ठताक्रम यांची दखल घेणारी नेमणूकच टिकते. अर्थात हा श्रेष्ठताक्रम दर वेळी न्याय्य असतो असे नाही. पुण्याच्या क्लबातील चहाची रीतही अलिखितच होती. म्हणून आतली मान्यता हा अधिकाराचा आवश्यक आधार असला, तरी ती मान्यता कशावर उभी आहे हे तपासण्याची जबाबदारी सुटत नाही.

६. आश्रमशाळेचा संघ

या विवेचनाचा जव्हार-मोखाड्याशी येणारा संबंध आता स्पष्ट करता येईल. आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांचे संघ कबड्डी, खो-खो आदी खेळांच्या प्रकल्प व विभाग पातळीवरील स्पर्धांत उतरतात. भातकापणीनंतर पुष्कळ कुटुंबे वीटभट्ट्यांवर वा इतर मजुरीसाठी भिवंडी, वसईकडे जातात. मागे राहिलेल्या मुलामुलींना वसतिगृह हेच घर आणि शाळेचा संघ हीच भावकी होते. संघात निरनिराळ्या गावांची व जमातींची मुले एकत्र येतात. निवड शिक्षक करतो. तो पुष्कळदा बाहेरचा असतो आणि त्याची भाषा मुलांच्या घरच्या बोलीहून वेगळी असते. म्हणजे नेमणुकीचा अधिकार, कौशल्याची कसोटी आणि वारशाने आलेले भेद हे तिन्ही घटक येथेही एकाच पटांगणात उपस्थित असतात.

पदव्युत्तर संशोधकाने अशा संघाचे निरीक्षण करताना पुढील प्रश्न हाताशी ठेवावेत. कर्णधार कोण ठरवितो, आणि सामना अटीतटीला आला असता मुले प्रत्यक्षात कोणाकडे पाहतात? दोन्ही व्यक्ती एकच आहेत काय? पाण्याची कळशी कोण उचलतो? जेवणाच्या पंगतीत कोण कोणाजवळ बसतो? कातकरी मुलगा उत्तम चढाई करीत असेल, तर त्याला केवळ चढाईसाठी पुढे केले जाते की पंचांशी बोलण्याचा मानही दिला जातो? एखादी मुलगी एके दिवशी सरावाला येत नाही, तेव्हा शिक्षक त्याची नोंद गैरहजेरी म्हणून करतो की नकार म्हणून वाचतो?

या प्रश्नांची उत्तरे मुलाखतींतून जितकी मिळतील त्याहून अधिक पटांगणावर बसून मिळतील. कारण बारा-तेरा वर्षांचे मूल पत्रक काढीत नाही, ते गप्प राहते. ज्या मुलांनी तारप्याभोवतीचा फेर लहानपणापासून पाहिला आहे, त्यांना ऐकावयाजोग्या सुरामागे जाणे शिकवावे लागत नाही. शिक्षकाने आपला अधिकार या परिचित कसोटीला उतरवावा आणि संघाने मानलेला नायक ओळखून त्याची वा तिची जात-जमात न पाहता त्याला पद द्यावे, तर हिंदू संघाला १९०६ पासून १९२३ पर्यंत जे अंतर काटावे लागले, ते या पटांगणांवर एका हंगामात काटता येण्यासारखे आहे.